राज्यांचे हक्क म्हणजे कशाचा हक्क? अमेरिकेतल्या यादवीबद्दल

प्रश्न असा आलाय: "पुस्तकात अमेरिकन यादवी युद्धाची पाच कारणं दिली आहेत. गुलामगिरी, जकात, राज्यांचे हक्क, उत्तर-दक्षिणेतला आर्थिक फरक आणि लिंकनची निवड. यातलं खरं कारण कोणतं धरायचं? आणि गुलामगिरी तर १६१९ पासून होती, लिंकनही म्हणत होता की आहे तिथल्या गुलामगिरीला मी हात लावणार नाही. मग युद्ध १८६१ मध्येच का पेटलं?"

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त चांगला आहे. त्याचं उत्तर सापडलं की पहिल्याचं आपोआप मिळतं.

मी बावीस वर्षं पदवीच्या वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकवतो आहे. पहिली सात-आठ वर्षं मीसुद्धा हीच पाच कारणं फळ्यावर एकाखाली एक लिहून द्यायचो, वाणसामानाच्या यादीसारखी. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, राज्यांचे हक्क म्हणजे कशाचा हक्क?" मी तेव्हा जे काही उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दक्षिणेतल्या राज्यांनी फुटून निघताना काढलेले जाहीरनामे मुळातून वाचले, आणि पुढच्या सत्रापासून यादी बंद केली.

आधी एक गैरसमज काढू. १८६० साली बहुतेक गोऱ्या अमेरिकनांमध्ये "गुलामगिरी असावी की नसावी" असं भांडण चाललेलं नव्हतं. ती ताबडतोब, सगळीकडून उखडा म्हणणारे लोक उत्तरेतही मूठभरच होते आणि शेजारीपाजारी त्यांना माथेफिरू समजत. भांडण होतं ते गुलामगिरी नव्या जमिनीवर पसरू द्यायची की नाही, याचं. आता तुम्ही विचाराल, दक्षिणेतल्या मळेवाल्यांना आपले मळे शाबूत होते, मग न पाहिलेल्या पश्चिमेकडच्या माळरानासाठी त्यांनी एवढा जीव का पाखडावा? सगळी गोम इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

१७८७ मध्ये घटना लिहिली गेली तेव्हा लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत होतं की ही प्रथा हळूहळू आपोआप मरेल. घटनेत "गुलाम" हा शब्दच नाही, "इतर व्यक्ती" वगैरे आडवळणं आहेत. पण त्या आडवळणांत दक्षिणेने तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, १८०८ पर्यंत परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालायची नाही, आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत करायचा. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

मग १७९३ मध्ये एली व्हिटनीचं जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र, आलं. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणारा कापूस आखूड धाग्याचा, त्याची सरकी लवदार आणि रुईला घट्ट चिकटलेली. दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवायची ही आपल्या रेच्याची पद्धत त्या कापसावर नीट चालत नव्हती. ती चालायची समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या, गुळगुळीत काळ्या सरकीच्या कापसावर, आणि तो समुद्रापासून दूर पिकायचा नाही. हाताने सरकी काढायला बसलं तर दिवसाकाठी एका माणसाच्या हातून जेमतेम अर्धा किलो रुई निघायची. व्हिटनीच्या दातेरी यंत्राने ही अडचण संपवली. आतली सगळी जमीन एकदम कापसाची झाली, वेचणीला हात हवे झाले, आणि मरायला टेकलेली प्रथा ताठ उभी राहिली. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे ४० लाख. युद्धाच्या तोंडावर देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता.

आता हिशेब बघा. सतत कापूस घेतला की जमीन हलकी होते, मग मळेवाला पश्चिमेला सरकतो: जॉर्जियातून अलाबामा, तिथून मिसिसिपी, पुढे टेक्सस. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यात कापूस फारसा नव्हताच, पण तिथला मालक या नव्या मळ्यांना माणसं विकायचा. माणूस ही त्याची पुंजी होती, सावकाराकडे ठेवायचं तारण होतं. नवी जमीन उघडत राहिली तर या पुंजीचा भाव चढता राहणार, बंद झाली की उतरणार. म्हणून ज्याने जन्मात कॅन्सस पाहिलं नाही त्या व्हर्जिनियाच्या मालकाचाही जीव कॅन्ससमध्ये अडकलेला होता. हे वर्गात सांगताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं, कारण माणसांबद्दल "भाव" हा शब्द तोंडात यावा लागतो. पण त्यांच्या वह्यांत तो तसाच आहे, आणि तो टाळला तर गणित कळत नाही.

दुसरा हिशेब सिनेटचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा. राज्य लहान असो की मोठं, सिनेटमध्ये दोघेच. उत्तरेची लोकसंख्या भराभर वाढत होती, त्यामुळे प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातून निसटत चाललं होतं आणि सिनेट हीच तिची तटबंदी उरली होती. १८१९ मध्ये गुलामीची ११ आणि मुक्त ११ राज्यं, काटा अगदी मधे. मिझुरीने गुलामीचं राज्य म्हणून प्रवेश मागितला आणि काटा हलला. १८२० मध्ये तडजोड झाली: मिझुरी तिकडे, मेन इकडे, आणि लुइझियाना खरेदीच्या (१८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. मी फळ्यावर नकाशा काढून ही रेघ लाल खडूने ओढतो आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. तीसेक वर्षं देश या रेघेवर तरला.

रेघ मोडली ती जमीन जिंकल्यामुळे. १८४६ ते १८४८ मध्ये मेक्सिकोशी युद्ध झालं आणि कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख हाती आला. त्यावर ही रेघ लागू नव्हती. युद्ध चालू असतानाच डेव्हिड विल्मट या पेनसिल्व्हेनियाच्या सदस्याने ठराव आणला की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या जमिनीवर गुलामगिरी नको. ठराव सिनेटमध्ये पडला, पण मतदान पक्षावर न होता उत्तर विरुद्ध दक्षिण असं झालं. मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट पंथ याच वादावरून १८४४-४५ मध्येच दुभंगले होते. आता पक्षांची पाळी होती.

१८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं आणि बदल्यात दक्षिणेला पळपुट्या गुलामांचा कडक कायदा मिळाला. पुस्तकं या कायद्याला एक ओळ देतात. माझ्या मते उत्तरेतल्या सामान्य माणसाचं मन फिरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कायदा असा होता: पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची सोय नाही. निकाल देणार एक कमिशनर. त्याने माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याची फी १० डॉलर, सोडून दिला तर ५. (समर्थन असं की हवाली करताना कागदपत्रं जास्त करावी लागतात. हे ऐकलं की वर्ग दर वर्षी हसतो.) शिवाय पकडायला मदत करा असं कोणाही वाटसरूला फर्मावता यायचं, आणि आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तोपर्यंत बॉस्टनच्या कापडवाल्याला गुलामगिरी म्हणजे लांबच्या लोकांचं पाप होतं. त्याच्या गिरणीत त्यांचाच कापूस कातला जायचा, पण ते दिसत नव्हतं. आता ते त्याच्या दारात आलं.

अँथनी बर्न्स हा विशीतला तरुण व्हर्जिनियातून पळून बॉस्टनला आला होता आणि कपड्यांच्या दुकानात काम करत होता. २४ मे १८५४ ला त्याला पकडलं. दोन दिवसांनी जमावाने कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला, त्यात एक रखवालदार मेला. २ जूनला त्याला बंदराकडे नेलं ते सैन्याच्या गराड्यात. रस्त्याच्या दुतर्फा सुमारे ५०,००० माणसं उभी, खिडक्यांवर काळं कापड, एका ठिकाणी वर शवपेटी टांगलेली आणि तिच्यावर लिहिलेलं "स्वातंत्र्य". एका माणसाला बोटीत बसवायला एवढा लवाजमा. अमोस लॉरेन्स या तिथल्या धनाढ्य गिरणीवाल्याने लिहून ठेवलंय की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे, तडजोडवाले म्हणून, आणि उठलो ते ठार वेडे गुलामीविरोधक होऊन.

आता "राज्यांचे हक्क" इथे ठेवून बघा. या कायद्याविरुद्ध उत्तरेतल्या राज्यांनी आपापले कायदे केले: आमचे तुरुंग वापरायचे नाहीत, आमचे अधिकारी मदत करणार नाहीत. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. म्हणजे राज्यांच्या हक्काची भाषा उत्तर बोलत होती, आणि केंद्राने बडगा उगारावा अशी मागणी दक्षिण करत होती. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. राज्यांचे हक्क हे हत्यार होतं, ज्याच्या हाती वॉशिंग्टन नसेल तो ते उचलायचा.

बर्न्सला बंदराकडे नेलं त्याच आठवड्यात, ३० मे १८५४ ला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कर्ता इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस. त्याला पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती आणि त्यासाठी दक्षिणेची मतं हवी होती, म्हणून त्याने १८२० ची रेघ पुसली आणि म्हणाला, तिथे राहणारे लोकच मतदानाने ठरवतील. ऐकायला किती लोकशाहीचं वाटतं. पण तिथे राहणारे म्हणजे कोण? मार्च १८५५ मध्ये कॅन्ससची निवडणूक झाली. मतदार सुमारे २,९०० होते आणि मतं पडली ६,००० हून जास्त. शेजारच्या मिझुरीतून बंदुका घेऊन टोळ्या आल्या, मतं टाकली आणि परत गेल्या. मे १८५६ मध्ये चार दिवसांत तीन गोष्टी घडल्या. २१ ला गुलामीच्या बाजूच्या जमावाने लॉरेन्स गाव लुटलं. २२ ला खुद्द सिनेटमध्ये, कॅन्ससवर जहाल भाषण केलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर चार्ल्स सम्नरवर प्रतिनिधिगृहातला दक्षिण कॅरोलिनाचा सदस्य प्रेस्टन ब्रुक्स काठी घेऊन तुटून पडला. सम्नरचे पाय जमिनीला ठोकलेल्या टेबलाखाली अडकले, त्याला उठताही येईना, आणि काठी मोडली तरी ब्रुक्स थांबला नाही. २४ च्या रात्री कट्टर गुलामीविरोधक जॉन ब्राउनने पॉटावाटोमी खाडीजवळ गुलामीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर काढून कापलं.

मारामारीपेक्षा नंतरचं वागणं मला महत्त्वाचं वाटतं. ब्रुक्सने राजीनामा दिला आणि त्याच्या लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, वर नव्या काठ्या भेट पाठवल्या. सम्नरला कामावर यायला तीन वर्षांहून जास्त लागली आणि मॅसॅच्युसेट्सने त्याची खुर्ची तशीच रिकामी ठेवली. दोन्हीकडच्या शहाण्यासुरत्या माणसांना समोरच्यांची वेडी माणसं हाच त्यांचा खरा चेहरा वाटू लागला.

मार्च १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात भांडण मिटवतो म्हणून निकाल दिला: कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अजून राज्य न झालेल्या कुठल्याही प्रदेशात गुलामगिरी बंद करता येत नाही. नव्या रिपब्लिकन पक्षाचा सगळा कार्यक्रमच हा होता की प्रदेशांत गुलामगिरी नको. म्हणजे तो कार्यक्रमच बेकायदा. बरं, काँग्रेसला जे जमत नाही ते तिथल्या वसाहतवाल्यांना मतदानाने कसं जमेल? म्हणजे डग्लसचाही तोडगा गेला. रेघ गेली, मतदान गेलं, आणि मधे उभं राहायला जागा उरली नाही. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीचं शस्त्रागार ताब्यात घेऊन गुलामांचा उठाव करायचा प्रयत्न केला. तो दीड दिवसात फसला, पण फाशीच्या दिवशी उत्तरेत काही ठिकाणी घंटा वाजल्या आणि त्या दक्षिणेने ऐकल्या.

आता लिंकन, १८६० च्या निवडणुकीतला रिपब्लिकन उमेदवार. तो आहे तिथल्या गुलामगिरीला हात लावणार नव्हता हे खरं आहे, मग निवडणुकीनंतर धीर का नाही धरला? कारण दहा दक्षिणी राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या, देशभरात त्याला ४० टक्क्यांच्या आत मतं होती, आणि तरी तो निवडून आला. दक्षिणेचं एकही मत न घेता राष्ट्राध्यक्ष होता येतं हे सिद्ध झालं. सिनेटची तटबंदी ढासळलीच होती, आता किल्लाही गेला. बारीक गोष्टीही होत्या. गावोगावचे पोस्टमास्तर राष्ट्राध्यक्ष नेमायचा. १८३५ मध्ये चार्ल्स्टनच्या जमावाने गुलामीविरोधी टपाल रस्त्यावर जाळलं होतं. उद्या रिपब्लिकन पोस्टमास्तर आला तर ते टपाल घरोघर पोचणार, गुलाम नसलेल्या गरीब गोऱ्यांच्या घरातसुद्धा. आणि दक्षिणेतली बहुसंख्य गोरी कुटुंबं तशीच होती. तडजोडीचे प्रयत्न तेव्हाही झाले. गुलामगिरी आहे तिथे तिला घटनेनेच कायमचं संरक्षण देऊ, अशी दुरुस्ती मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने मंजूरही केली, आणि लिंकनने तिला हरकत घेतली नाही. तो अडून बसला एकाच मुद्द्यावर: नव्या जमिनीवर नाही. डिसेंबर १८६० मध्ये जॉर्जियाच्या अलेक्झांडर स्टीफन्सला त्याने लिहिलं की तुम्हाला गुलामगिरी योग्य वाटते आणि ती पसरावी असं वाटतं, आम्हाला ती अयोग्य वाटते आणि तिला आवर घालावा असं वाटतं, अडतंय ते एवढंच.

जकातीबद्दल थोडक्यात. १८३२-३३ मध्ये जकातीवरून दक्षिण कॅरोलिना आणि केंद्र खरोखर हातघाईवर आले होते, ते नाकारत नाही. पण १८५७ ची जकात कित्येक दशकांतली सर्वात कमी होती, आणि दर वाढवणारा मॉरिल कायदा मंजूर झाला मार्च १८६१ मध्ये, सात राज्यं बाहेर पडल्यावर. त्यांचे सिनेटर जागेवर असते तर तो मंजूर होणं अवघडच होतं.

इतकं झाल्यावरही एक गोष्ट "कोणाला विचारता" यावर अवलंबून राहते. दक्षिण का फुटली आणि युद्ध का झालं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिली सात राज्यं फुटली ती गुलामगिरीसाठी, यात मला शंका नाही. पण एप्रिल १८६१ मध्ये केंद्राच्या फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा चालल्या आणि लिंकनने ७५,००० स्वयंसैनिक मागवले, त्यानंतर व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं गेली. त्यांना आपल्याच शेजाऱ्यांवर चालून जायचं नव्हतं. गुलामीची चार राज्यं तर संघातच राहिली. ओहायोचा शेतकरी सैन्यात गेला तो देश तुटू नये म्हणून, बहुधा त्याने आयुष्यात गुलाम पाहिलाही नसेल. उत्तरेच्या युद्धहेतूत मुक्ती आली ती १ जानेवारी १८६३ च्या घोषणेनंतर. मुलं इथे हमखास जोतीराव फुल्यांची आठवण करून देतात. त्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. फुले युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी, फळ पाहून लिहीत होते, आणि फळ खरं होतं. फक्त ते १८६१ च्या उत्तरेचा हेतू म्हणून उत्तरपत्रिकेत घालू नका.

परीक्षेसाठी विचारत असाल तर पाच कारणं समान मापाने वाटू नका. गुलामगिरीचा विस्तार हा कणा धरा आणि बाकीची चार त्यावर बसवा: आर्थिक फरक तिच्यामुळे, राज्यांच्या हक्काची भाषा तिच्यासाठी, लिंकनची निवड हा तिच्या हिशेबातला शेवटचा आकडा. जकातीला एक वाक्य पुरे. आणि वेळ असेल तर गाइड बाजूला ठेवून जाहीरनामे वाचा, चार-पाच पानांचे आहेत. दक्षिण कॅरोलिनाच्या जाहीरनाम्यात जकातीचं नाव नाही. तक्रार आहे ती उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, आणि न्यूयॉर्क तर गुलाम सोबत घेऊन नुसतं तिथून जाऊही देत नाही, याची. मिसिसिपीवाले दुसऱ्याच वाक्यात म्हणतात की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. मी तर आता पहिल्या तासाला काहीच न बोलता ही दोन पानं वाटतो आणि "हक्क" हा शब्द आला की पुढे कशाचा ते अधोरेखित करा, एवढंच सांगतो.